मल्याळम सिनेमा बिघडला की आपली चाळणी बदलली?

पाडव्याच्या दिवशी दुपारी पुरणपोळी खाऊन आम्ही तिघं, म्हणजे आई, बाबा आणि मी, कल्याणला 'एल टू: एम्पुरान' बघायला गेलो. २७ मार्चला लागलेला, मोहनलालचा, पृथ्वीराजने दिग्दर्शित केलेला, 'लूसिफर'चा दुसरा भाग. सहा वर्षांपूर्वीचा 'लूसिफर' बाबांनी घरी तीनदा पाहिलाय. या भागासाठी त्यांनी रविवारची झोप सोडली, यावरून काय ते समजा.

येताना रिक्षा दुर्गाडी पुलाच्या आधीच अडकली. नेहमीचंच. कोनला राहणाऱ्यांना त्या पुलावर विचार करायला भरपूर वेळ मिळतो. तिकिटं, पॉपकॉर्न आणि रिक्षा धरून दीड हजार गेले होते. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मल्याळमवाले पण आता वाया गेले. यापुढे थेटर बंद. घरीच बघू."

बाबांचा राग एकट्या 'एम्पुरान'वर नव्हता. २०२४ च्या २६ जानेवारीच्या सुट्टीत मी त्यांना 'मलैकोट्टै वालिबन'ला नेलं होतं. लिजो जोस पेल्लिसरी आणि मोहनलाल पहिल्यांदाच एकत्र, म्हणजे काहीतरी जबरदस्त असणार म्हणून. इंटरव्हललाच ते घड्याळ बघायला लागले. मग डिसेंबरमध्ये 'बरोज', मोहनलालचं पहिलं दिग्दर्शन, थ्रीडी, वास्को द गामाच्या खजिन्याचा राखणदार वगैरे. त्यात आई चक्क झोपली, तोही चष्मा लावून. तिसरा 'एम्पुरान'. (त्यावरून जो राजकीय वाद झाला तो वेगळा विषय. आमची तक्रार साधी होती. तीन तास सगळं मोठं मोठं होत राहिलं आणि आत काही पोचलं नाही. चित्रपटाने मात्र कमाईचे विक्रम केले.)

दुसऱ्या दिवशी जिन्यात आमच्या मजल्यावरच्या चेची भेटल्या. त्या मूळच्या त्रिशूरकडच्या, कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स. पंचवीस-तीस वर्षांत मराठी इतकं छान झालंय की भाजीवाल्याशी भांडण त्याच जिंकतात. मी बाबांचा निकाल त्यांना ऐकवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मोळे, तुम्ही इतकी वर्षं नुसती साय खाल्ली. दूध आता बघताय."

मी संख्याशास्त्रात पीएचडी करते. माझा विषय ज्या एका गोष्टीभोवती फिरतो, ती चेचींनी एका वाक्यात सांगून टाकली. हा लेख त्या वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

साय कुठून आली

आधी आठवून बघा, तुमची मल्याळम सिनेमाशी ओळख कशी झाली? आमच्या घरातली ओळख 'दृश्यम'मधून झाली, आणि तीही हिंदी. मूळ मल्याळम 'दृश्यम' जीतू जोसेफचा, २०१३ च्या डिसेंबरमधला. हिंदी केला निशिकांत कामतने, २०१५ मध्ये. म्हणजे ज्याने 'डोंबिवली फास्ट' केला तोच आपला माणूस. आता रीमेक कशाचा करतात? जो चालला त्याचा. त्या वर्षी केरळात जे पडले त्यांचा हिंदी रीमेक कोणी करायला घेतला नाही. पहिली चाळणी इथेच लागली.

मग लॉकडाऊन आलं. घरात बसून आपण 'कुंबलंगी नाइट्स', 'द ग्रेट इंडियन किचन', 'जोजी', 'नायट्टू', 'होम', 'मिन्नल मुरली' पाहिले. यातले काही थेट ओटीटीवर आले, काही आधी थेटरात लागून गेले होते. पण आपल्यापर्यंत ते पोचले कसे? कुणीतरी सांगितलं म्हणून. केरळातल्या प्रेक्षकांनी आधी बघितले, त्यांनी ज्याचं कौतुक केलं त्यावर कुणीतरी इंग्रजीत लिहिलं, ते वाचून ऑफिसातल्या कुणीतरी ग्रुपवर टाकलं, आणि मग आपण रात्री जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसलो. तीन-चार चाळण्यांतून जे खाली उरलं तेवढंच आपल्या ताटात आलं. आणि आपण म्हणालो, "काय सिनेमे करतात हे लोक! एकही वाईट नसतो."

आता दूध किती होतं ते बघू. केरळच्या निर्मात्यांच्या संघटनेने २०२४ चा हिशेब जाहीर केला. वर्षभरात १९९ नवे सिनेमे लागले आणि त्यातले २६ यशस्वी ठरले. म्हणजे साधारण आठात एक. एकूण तोटा सातशे कोटींच्या घरात असल्याचं संघटनेचं म्हणणं आहे. आणि हे कोणतं वर्ष? 'मंजुम्मल बॉइज', 'प्रेमलू', 'भ्रमयुगम', 'आवेशम' यांचं. आपण ज्याला मल्याळम सिनेमाचं सोन्याचं वर्ष म्हणतो ते!

धंद्यात पडलेला प्रत्येक सिनेमा वाईट असतो असं नाही, आणि चाललेला प्रत्येक चांगला असतो असंही नाही. 'एम्पुरान'च बघा. पण सायीचं आणि दुधाचं प्रमाण साधारण काय असेल याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

आता माझ्याच वागण्यातली एक गंमत सांगते, जी हा लेख लिहायला बसेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. 'मंजुम्मल बॉइज' आणि 'आवेशम' हे दोन्ही मी थेटरातच पाहिले होते आणि दोन्ही आवडले होते. पण ते पाहिले दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, चेचींनी "जाऊन ये" म्हटल्यावर. 'वालिबन', 'बरोज' आणि 'एम्पुरान' मात्र पहिल्या चार दिवसांत पाहिले, कुणालाही न विचारता. आवडलेल्या सिनेमांना चाळणी होती. न आवडलेल्यांना आम्हीच चाळणी झालो.

दोन फासे

"पण मी काही डोळे मिटून गेले नव्हते," असं तुम्ही म्हणाल. "दिग्दर्शक बघितला, नट बघितला, ट्रेलर बघितला, दहा सिनेमांतला सगळ्यात चांगला वाटला तोच निवडला. तरी निराशा?"

हो. आणि खरी मजा इथेच आहे. नीट पारखून निवडलंत म्हणूनच निराशा होते.

घरात लुडो असेल तर एक लाल फासा घ्या आणि एक पांढरा. लाल फासा म्हणजे सिनेमा खरोखर कसा आहे, एक ते सहा. पांढरा फासा म्हणजे बाकीचा गाजावाजा. ट्रेलरचं पार्श्वसंगीत, नटाचं नाव, पोस्टर, मित्राचा उत्साह, हे सगळं. तिकीट काढताना तुम्हाला दोन्ही फासे वेगवेगळे दिसत नाहीत, फक्त बेरीज दिसते. आता दहा सिनेमांसाठी दहा वेळा ही जोडी टाका आणि ज्याची बेरीज सगळ्यात मोठी तो निवडा.

समजा, सगळ्यात मोठी बेरीज अकरा आली. (दहा वेळा टाकल्यावर निदान एकदा तरी अकरा किंवा बारा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, तेव्हा हे काही दुर्मिळ नाही.) तुम्ही हुशार आहात, गाजावाजा थोडा वजा केला पाहिजे हे तुम्हाला कळतं. पांढऱ्या फाशाची सरासरी साडेतीन. म्हणून तुम्ही म्हणता, अकरातून साडेतीन गेले, उरले साडेसात. म्हणजे सिनेमा सहाच्याही वरचा, अफाटच!

पण अकरा बेरीज दोनच तऱ्हांनी येते. लाल पाच आणि पांढरा सहा, किंवा लाल सहा आणि पांढरा पाच. दोन्ही सारखेच शक्य. म्हणजे सिनेमा सरासरी साडेपाचचा. तुमची अपेक्षा साडेसातची, हातात आले साडेपाच. दोन गुणांची निराशा, आणि यात कुणीही तुम्हाला फसवलेलं नाही.

झालं काय? एरवी पांढरा फासा सरासरी साडेतीन पडतो. पण तुम्ही सगळ्यात मोठी बेरीज शोधून काढलीत, तेव्हा ज्याचा पांढरा फासा नेमका मोठा पडलाय असाच सिनेमा तुमच्या हाती लागण्याची शक्यता वाढली. निवडीने गुण उचलले, तसा फुगवटाही उचलला.

आणि यातला महत्त्वाचा भाग बहुतेक जण विसरतात. साडेपाच हा आकडा साध्या सिनेमाच्या साडेतीनपेक्षा चांगला वर आहे! म्हणजे तुमची निवड चुकली नाही. डोळे मिटून कुठलाही सिनेमा निवडला असता तर यापेक्षा वाईट बघावा लागला असता. चुकली ती अपेक्षा. निवड बरोबर आणि तरीही निराशा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

जेम्स स्मिथ आणि रॉबर्ट विंकलर या दोघांनी २००६ मध्ये या गोष्टीला 'ऑप्टिमायझर्स कर्स' असं नाव दिलं. उत्तम ते निवडणाऱ्याला लागलेला शाप म्हणा. याचं एक भावंड त्याआधीच सापडलं होतं. १९७१ मध्ये तीन अमेरिकी इंजिनियरांनी दाखवलं की समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांचा लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांना कमाई अपेक्षेपेक्षा कमी का होते. तेल किती आहे याचा अंदाज प्रत्येक कंपनी करते, काहींचा कमी येतो, काहींचा जास्त. लिलाव जिंकतो कोण? ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला, तो. त्याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. आपल्याकडे लग्नासाठी दहा स्थळं बघून अकरावं पसंत करणाऱ्यांनाही हा शाप ठाऊक असतो, फक्त ते कुणी जर्नलमध्ये छापलेलं नाही.

दुसरा भाग पहिल्यासारखा का नसतो

'एम्पुरान'च्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तो दुसरा भाग आहे.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज माणसाने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास छापला. ९२८ मुलं, २०५ जोडपी. त्याला दिसलं की खूप उंच आईवडिलांची मुलं उंचच असतात, पण आईवडिलांइतकी नाही. सरासरीच्या थोडी जवळ सरकतात. खूप बुटक्या आईवडिलांची मुलंही तशीच, दुसऱ्या बाजूने. याला आम्ही 'सरासरीकडे परतणं' म्हणतो.

सिनेमाचा दुसरा भाग कधी निघतो? पहिला प्रचंड चालला तर. प्रचंड चालण्यात गुणांचा वाटा असतोच, पण योग्य वेळ, लोकांचा मूड, समोर दुसरा मोठा सिनेमा नसणं, असा नशिबाचा वाटाही असतो. दुसऱ्या भागाला गुण वारशाने मिळतात, नशीब पुन्हा नव्याने काढावं लागतं. म्हणून बरेचसे दुसरे भाग पहिल्यापेक्षा खाली येतात. प्रत्येक येतो असं नाही, 'दृश्यम २' आम्हाला पहिल्याइतकाच आवडला. पण आपण "दृश्यम २ जमला" हे लक्षात ठेवतो आणि त्यावरून पुढच्या प्रत्येक दुसऱ्या भागाची अपेक्षा बांधतो. पुन्हा साय.

याचा अर्थ दिग्दर्शकाची काहीच चूक नसते, असं मला म्हणायचं नाही. 'बरोज'ची गोष्ट ढिली होती, ती फाशांमुळे झालेली नाही. एखादा सिनेमा का फसला हे संख्याशास्त्र सांगत नाही, ते समीक्षकाचं काम. पण तीन सिनेमे फसले म्हणून "मल्याळम सिनेमा बिघडला" असं म्हणायचं असेल, तर ते माझं काम आहे. त्यासाठी आधीच्या वर्षांतले सगळे आणि आत्ताचे सगळे सिनेमे शेजारी ठेवावे लागतील. आधीची साय आणि आत्ताचं दूध शेजारी ठेवून दूध पातळ झालं म्हणता येत नाही.

आरसा

चेचींचा धाकटा भाऊ तिकडे त्रिशूरला असतो, फिल्म सोसायटीवाला. गेल्या ओणमला तो इकडे आला होता. मराठी घर म्हटल्यावर त्याने मला गाठलं आणि म्हणाला, तुमचा मराठी सिनेमा काय ग्रेट आहे! 'कोर्ट', 'फँड्री', 'किल्ला', 'सैराट', 'द डिसायपल'. एकही वाईट नाही!

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. कारण बाबांनी नव्वदच्या दशकापासूनचे मराठी सिनेमे टीव्हीवर दर रविवारी पाहिलेत. त्यांना दूध माहीत आहे. त्या पाहुण्याच्या ताटात फक्त साय पडली होती, महोत्सवांनी आणि पुरस्कारांनी काढून दिलेली. बाबांचं मल्याळम सिनेमाबद्दलचं मत आणि त्याचं मराठीबद्दलचं मत, दोन्ही एकाच तऱ्हेने तयार झालेली. फक्त पुलाची बाजू वेगळी.

माझी गोष्ट

हे सगळं मला इतकं मनाला का लागतं ते सांगते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका छोट्या माहितीसंचावर बारा वेगवेगळ्या पद्धती चालवून पाहिल्या. एक पद्धत फार सुंदर निघाली. चूक निम्म्यावर! मी ती निवडली, त्यावर सादरीकरण केलं, घरी पेढे आणले. दुसऱ्या वर्षी मोठ्या माहितीसंचावर तीच पद्धत चालवली तर सुधारणा उरली अगदी थोडी. दोन महिने मी कोडमध्ये चूक शोधत होते. रात्री झोप नाही, गाइडना तोंड दाखवायची लाज. कोडमध्ये चूक नव्हती. बारांतली सगळ्यात चांगली दिसणारी निवडली होती, म्हणजे बारांतला मोठा पांढरा फासाही उचलला होता. माझा 'एम्पुरान' मीच लिहिला होता.

हे माझ्याच बाबतीत होतं असं नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० छापील प्रयोग संशोधकांच्या एका मोठ्या गटाने पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांत जेवढा परिणाम दिसला होता, तो पुन्हा करताना सरासरी निम्म्यावर आला. त्याची कारणं अनेक आहेत, पण एक मोठं कारण चाळणीचं. ठसठशीत निकाल छापले जातात, बाकीचे टेबलाच्या खणात राहतात. औषधं आणि शिक्षणाच्या योजनासुद्धा अशाच छोट्या प्रयोगांतल्या उत्तम निकालांवरून निवडल्या जातात, आणि मग गावोगाव लागू केल्या की "पहिल्यासारखा गुण येत नाही" अशी ओरड होते. कधी कधी त्या ओरडीपायी चांगली योजना बंदही पडते. बाबांनी थेटर बंद केलं तशी.

मग करायचं काय?

पहिला उपाय फाशांतच आहे. बेरीज अकरा दिसली, सरासरी बेरीज असते सात, म्हणजे चार वर. त्यातले निम्मे, दोन, सिनेमाच्या खात्यात टाका आणि निम्मे सोडून द्या. साडेतीन अधिक दोन, साडेपाच. अपेक्षा बरोबर बसली, निराशा शून्य. दर वेळी निम्मेच सोडायचे असं नाही. ज्याच्या शब्दावर तुमचा जास्त भरवसा आहे, तिथे कमी सोडा, नुसत्या ट्रेलरवर जात असाल तर जास्त सोडा. आमच्या शास्त्रात अंदाज असा सरासरीकडे ओढून घेतात. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण हेच आहे.

दुसरा उपाय म्हणजे थांबायचं. पहिला शनिवार-रविवार जाऊ द्यायचा, सोमवारी चेचींना विचारायचं. त्यांची मोजपट्टी सोपी आहे. फार आवडला तर त्या गोष्टच सांगत बसतात, बरा असेल तर म्हणतात "कोळ्ळाम्", आणि वाईट असेल तर विषय बदलतात.

पण या दुसऱ्या उपायात एक गोम आहे. सगळेच सोमवारपर्यंत थांबले तर सोमवारी सांगणार कोण? चाळणी फुकट चालत नाही. केरळात जो माणूस गुरुवारी सकाळचा शो टाकतो, तो स्वतःचे पैसे आणि तीन तास घालून आपल्यासाठी साय काढत असतो. आठातले सात त्याच्या वाट्याला येतात, आठवा आपल्या. इतकी वर्षं आम्ही कोनमध्ये सोफ्यावर बसून त्याच्या जिवावर मल्याळम सिनेमाचं कौतुक करत होतो. आणि आपल्या मराठी सिनेमाचं काय होतं ते सांगायला नको. सगळे "बघू, चांगलं ऐकलं तर जाऊ" म्हणतात, चांगलं ऐकू येईपर्यंत शो दुपारचा एक उरतो, आणि मग तोही जातो.

हे सगळं मी बाबांना रविवारी फासे टाकून दाखवलं. वीस-पंचवीस वेळा त्यांनी स्वतः टाकून पाहिले, कागदावर लिहिले. मग म्हणाले, "म्हणजे मोहनलालची चूक नाही म्हणतेस?"

म्हटलं, "थोडी आहे. पण सगळी नाही."

"आणि पुढच्या शुक्रवारी कुठला लागतोय?"

म्हटलं, मराठी आहे एक. ट्रेलर बरा वाटतोय.

"बरा म्हणजे अकरा की आठ?"

"नऊ."

त्यांनी कागदावर हिशेब केला. "साडेचार. चालेल. चेचींना पण विचार येतात का."

चौघांची तिकिटं काढली आहेत, पहिल्या दिवसाची.